पदवीनंतरचे ग्रंथालय : मोफत ऑनलाइन साधनांतून आयुष्यभराचे स्वयंअध्ययन

१. प्रस्तावना

२४ जुलै १९३० रोजी लाहोरच्या तुरुंगातून भगतसिंगांनी आपले मित्र जयदेव गुप्त यांना एक पत्र लिहिले. विनंती साधी होती. द्वारकादास ग्रंथालयातून आपल्या नावावर काही पुस्तके घ्यावीत आणि ती रविवारी धाकटा भाऊ कुलबीर याच्याबरोबर पाठवावीत. पत्रात पुस्तकांची यादी होती. तीत बर्ट्रांड रसेल, क्रोपॉट्किन, कार्ल मार्क्स, अप्टन सिंक्लेअर यांची पुस्तके होती. भगतसिंग तेव्हा २२ वर्षांचे होते, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचे. खटला चालू होता. पुढे २३ मार्च १९३१ रोजी त्यांना फाशी झाली.

ग्रंथालयापर्यंत चालत जाणे त्यांना शक्य नव्हते, पण कोणते पुस्तक हवे आहे हे मात्र नेमके ठाऊक होते. आज आपली स्थिती जवळजवळ उलटी आहे. खिशातल्या मोबाइलवर लाखो पुस्तके, हजारो व्याख्याने आणि शेकडो कोश विनाशुल्क उघडतात. पण नेमके काय मागायचे, हे सुचत नाही. मग साधनांच्या याद्या जमवल्या जातात, अभ्यासक्रमांना नावे नोंदवली जातात, आणि पंधरा दिवसांत सारे मागे पडते.

पदवी घेतल्यावर महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे कार्ड परत करावे लागते. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे तुम्ही काय वाचणार आणि कोणाच्या आधाराने, हा प्रश्न खरे तर पदवीच्या काळातच सोडवायला हवा. या पाठात आपण चंडीगडमधील एका खऱ्या उदाहरणापासून सुरुवात करू आणि एक प्रश्न घेऊन मोफत साधनांमधून प्रत्यक्ष वाट काढून पाहू.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• डिजिटल ग्रंथालय, खुला अभ्यासक्रम, कोश आणि शोधप्रबंधांचे भांडार यांतील फरक सांगणे.
• एखाद्या प्रश्नासाठी ही साधने कोणत्या क्रमाने वापरावीत, ते ठरवणे.
• ‘मोफत’ या शब्दाचे वेगवेगळे अर्थ ओळखणे.
• मिळालेली माहिती पारखणे आणि स्वयंअध्ययन दीर्घकाळ टिकेल अशी व्यवस्था लावणे.

३. लाहोरहून चंडीगडला आलेली पुस्तके

द्वारकादास ग्रंथालय लाला लजपतराय यांनी लाहोरमध्ये सुरू केले. नॅशनल कॉलेजात शिकणारे भगतसिंग आणि त्यांचे सहकारी तिथे वाचायला जात. त्या वेळचे ग्रंथपाल राजाराम शास्त्री यांनी त्याविषयीच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. फाळणीनंतर हे ग्रंथालय भारतात आले आणि पुढे चंडीगडला सेक्टर १५ मधील लाजपतराय भवनात स्थिरावले. जवळच सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ आहे. त्याचीही मुळे १८८२ साली लाहोरला स्थापन झालेल्या विद्यापीठात आहेत. चंडीगड हे शहर नवे, पण त्याच्या ग्रंथालयांच्या आठवणी जुन्या आणि दुसऱ्या शहरातल्या आहेत.

पुस्तके स्थलांतर करू शकतात, तशी ती नाहीशीही होऊ शकतात. जून १९८४ मधील लष्करी कारवाईत अमृतसरच्या सुवर्णमंदिर परिसरातील शीख रेफरन्स लायब्ररीचा संग्रह तिथून गेला. त्यातले किती जळाले आणि किती हलवले गेले, यावर आजही वाद आहे. महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि दुर्मीळ पोथ्या-ग्रंथांची नासधूस झाली. ज्या ग्रंथाची एकच प्रत असते, तो एका दिवसात संपू शकतो. ग्रंथांच्या डिजिटल प्रती काढण्यामागे सोयीइतकेच हेही कारण आहे.

४. पंजाब डिजिटल लायब्ररी : एक उदाहरण समजून घेऊ

चंडीगडमधील पंजाब डिजिटल लायब्ररी ही स्वयंसेवी संस्था २००३ पासून पंजाबशी संबंधित हस्तलिखिते, छापील पुस्तके, नियतकालिके, वृत्तपत्रे आणि छायाचित्रे यांच्या डिजिटल प्रती तयार करत आहे. २००९ मध्ये हा संग्रह संकेतस्थळावरून सर्वांसाठी खुला झाला. पंजाबी, हिंदी, उर्दू, फारसी, संस्कृत, इंग्रजी अशा अनेक भाषांतले साहित्य त्यात आहे. अशा कामामुळे अमृतसरच्या एखाद्या जुन्या पोथीचे पान सोलापूरच्या किंवा इंफाळच्या विद्यार्थ्याला घरबसल्या पाहता येते.

अशा संग्रहात पाऊल ठेवण्यापूर्वी त्याची रचना समजून घ्यायला हवी. बहुतेक नवे वाचक इथेच अडतात आणि ‘काही सापडले नाही’ म्हणून परत जातात.

(अ) प्रतिमा आणि मजकूर. पोथीचे पान कॅमेऱ्याने टिपले की संगणकाच्या दृष्टीने ते एक चित्र असते. त्यातले अक्षर संगणकाला ‘वाचता’ येत नाही. छापील पानावरची अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी प्रणाली असते, तिला ओसीआर म्हणतात. हस्तलिखितांत अक्षराचे वळण लेखनिकागणिक बदलते आणि शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून ही प्रणाली तिथे सहसा कमी पडते.

(आ) नोंदी. पानांतला मजकूर शोधता येत नसेल तर शोध कशात होतो? शीर्षक, लेखक, भाषा, लिपी, काळ, विषय अशा नोंदींत. ग्रंथालयातल्या जुन्या तालिकेच्या कार्डासारखीच ही गोष्ट आहे. म्हणून तुमच्या मनातला शब्द पुस्तकात असून उपयोग नाही. तो नोंदीत असावा लागतो.

(इ) वर्णलेखन. इंग्रजीत पंजाब राज्याच्या नावात ‘पी’नंतर ‘यू’ लिहितात, पण चंडीगडच्या विद्यापीठाच्या आणि या डिजिटल ग्रंथालयाच्या नावात ‘पी’नंतर ‘ए’ आहे. एवढ्या एका अक्षराने शोधाचे निकाल बदलतात. भारतीय नावे रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिली जातात. म्हणून शोध घेताना सगळी रूपे एकेक करून टाकून पाहावीत.

हे तीन मुद्दे पंजाब डिजिटल लायब्ररीपुरते नाहीत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डिजिटल भांडार असो, इंटरनेट आर्काइव्ह असो की आयआयटी खरगपूरने उभारलेली आणि १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेली नॅशनल डिजिटल लायब्ररी असो, सगळीकडे ते लागू पडतात.

५. एक प्रश्न आणि सहा पायऱ्या

आता एक प्रश्न घेऊन चालू. संत नामदेव महाराष्ट्राचे. पण पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याचे स्थान मानले जाते. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची पदे आहेत. समजा, चंडीगडमध्ये शिकणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याला याविषयी कुतूहल वाटले. अभ्यासक्रमात हा विषय नाही, शिकवणारे कोणी नाही, परीक्षा नाही. मग त्याने काय करावे?

पायरी पहिली : प्रश्न लिहून काढा. ‘नामदेव आणि पंजाब’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असावा की त्याच्या उत्तरासाठी काय पाहावे लागेल, ते कळेल. उदाहरणार्थ : गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांच्या नावावर किती पदे आहेत? त्यांची भाषा कोणती? ती पदे आणि मराठी अभंग एकाच कवीचे मानायला कोणता आधार आहे? पहिला प्रश्न एका संध्याकाळचा, दुसरा काही महिन्यांचा आणि तिसरा कदाचित काही वर्षांचा आहे. सोप्यापासून सुरुवात करावी.

पायरी दुसरी : आढावा घ्या. त्यासाठी ज्ञानकोश असतात. वाईहून संपादित झालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. तज्ज्ञांनी लिहिलेली आणि संपादित झालेली नोंद हे त्याचे बळ. मात्र जुन्या खंडांतील नोंदीनंतर झालेले संशोधन तीत नसणार, हे लक्षात ठेवावे. विकिपीडियाची नोंद ताजी असू शकते, पण तिचा दर्जा लेखागणिक बदलतो. तिथे लेखापेक्षा तळाचे संदर्भ अधिक मोलाचे असतात. दोन्ही नोंदी वाचून वहीत दोन रकाने करा : ‘काय म्हटले आहे’ आणि ‘कशाच्या आधारे’. दुसरा रकाना जिथे रिकामा राहील, तिथे तुमचा पुढचा अभ्यास आहे.

पायरी तिसरी : मूळ साहित्याकडे जा. गुरु ग्रंथ साहिबाच्या प्रमाण छापील आवृत्तीची १४३० पृष्ठे असतात आणि पृष्ठांकन सर्वत्र सारखेच असते. त्यामुळे कोणत्याही संकेतस्थळावर एखादे पद त्याच पृष्ठक्रमांकावर सापडते. शोधाची सोय असलेली अशी अनेक संकेतस्थळे खुली आहेत. पण तिथे केवळ ‘नामदेव’ टाकून सगळे हाती लागणार नाही. ग्रंथात ‘नामदेउ’, ‘नामदे’ अशीही रूपे येतात. ती टाकून, रागवार शीर्षके पाहत मोजत जावे. नामदेवांची एकूण ६१ पदे सांगितली जातात. तुमची संख्या वेगळी आली तर निराश होऊ नका. कुठे एक पद दोन मोजले गेले किंवा एखादे सुटले, ते शोधा. दुसऱ्याने सांगितलेला आकडा आणि स्वतः मोजून पाहिलेला आकडा यांत शिकण्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

याच शोधात तुम्हाला ‘बीठलु’ हा शब्द भेटेल. पंढरपूरचा विठ्ठल गुरुमुखीत लिहिलेला पाहिला की हा प्रश्न आपला वाटू लागतो.

पायरी चौथी : लिपी आणि कोश जमवा. गुरुमुखी येत नाही म्हणून थांबू नका. देवनागरी आणि गुरुमुखी या दोन्ही ब्राह्मीच्या कुळातल्या लिपी आहेत आणि वर्णमालेचा क्रम बराचसा सारखा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला असतो. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, गुरुमुखी ‘क’चा २५८१, अंतर २५६. ‘ख’ घ्या, ‘ग’ घ्या, अंतर तेच राहते. दोन्ही लिपींचे तक्ते समांतर रचल्यामुळे त्यांत परस्पर लिप्यंतर करणारी साधने सोपी झाली आहेत. ती वापरावीत, पण त्याच वेळी रोज पाच-सहा अक्षरे हाताने गिरवावीत. तसे केल्यास आठवड्याभरात अडखळत का होईना, वाचता येऊ लागते.

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशांचे संकेतस्थळ पाहा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि भाई माया सिंग यांचा १८९५ चा पंजाबी कोश तिथे विनाशुल्क शोधता येतात. जुन्या काव्यासाठी जुना कोश उपयोगी पडतो, कारण आज प्रचारात नसलेले शब्द त्यात असतात. एकच शब्द मराठी आणि पंजाबी अशा दोन्ही कोशांत पाहण्याची सवय लावून घ्या.

पायरी पाचवी : आधीचे संशोधन पाहा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध खुले आहेत. प्रबंध संपूर्ण वाचायलाच हवा असे नाही. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संदर्भसूची ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. संदर्भसूचीतून तुम्हाला महत्त्वाच्या ग्रंथांची नावे कळतात. उदाहरणार्थ, विनंद कॅलेवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी जुन्या हस्तलिखितांच्या आधारे नामदेवांच्या हिंदी पदांचे संपादन करून १९८९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठीत महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये प्रकाशित केलेली नामदेव गाथा आहे.

अशा पुस्तकांपैकी काही ऑनलाइन मोफत नसतील. तिथे छापील ग्रंथालयाकडे वळावे. महाविद्यालयाचे कार्ड हातात आहे, तोवर ग्रंथपालांशी ओळख करून घ्या. सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद व्हा. ऑनलाइन साधनांनी तुमच्या हाती नेमके नाव आणि वर्ष दिलेले असते. भगतसिंगांच्या यादीसारखी यादी घेऊन गेलात, तर ग्रंथपाल आनंदाने मदत करतात.

पायरी सहावी : जिथे पाया कच्चा वाटेल, तिथे अभ्यासक्रम घ्या. वाचता वाचता कळते की मध्ययुगीन इतिहास आपल्याला येत नाही किंवा भाषाशास्त्राची ओळख नाही. अशा वेळी ‘स्वयम्’ उपयोगी पडते. भारत सरकारचे हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यातल्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : दृक्श्राव्य व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंचाचण्या आणि चर्चा. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असल्यास शुल्क पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयम्‌वरून पूर्ण करण्यास विद्यापीठ मान्यता देऊ शकते. तुमच्या विद्यापीठाचा नियम आधी विचारून घ्या.

विज्ञान-तंत्रज्ञानासाठी २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने सुरू केलेला ‘एनपीटेल’ आहे. संगणकीय साधने शिकायची असल्यास आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. परदेशी साधनांत अमेरिकेतील एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलेला ‘ओपन कोर्सवेअर’ हा उपक्रम जुना आणि भरवशाचा आहे.

इथे क्रमाकडे पुन्हा पाहा. बहुतेक जण सहाव्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणजे आधी अभ्यासक्रमाला नाव घालतात. प्रश्न नसताना ऐकलेले व्याख्यान पाण्यावरच्या रेघेसारखे पुसले जाते. प्रश्न घेऊन गेलात, तर त्याच व्याख्यानातली दहा मिनिटे जन्मभर पुरतात.

या सहा पायऱ्यांनंतर हाती काय लागते? गुरु ग्रंथ साहिबाचे पहिले संकलन गुरु अर्जनदेवांनी १६०४ मध्ये पूर्ण केले. नामदेवांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० मानला जातो. मध्ये अडीचशे वर्षे आहेत. या काळात ही पदे कोणी गायली, कोणी लिहिली, भाषा किती बदलली, आणि ‘नामदेव’ या नावाने दुसऱ्या कोणी रचना केल्या का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न सुटला नाही, पण तो का सुटत नाही, हे तुम्हाला आता सांगता येते. ‘दोघे एकच’ किंवा ‘दोघे वेगळे’ असे ठासून सांगणाऱ्याला कोणते पुरावे मागायचे, हेही कळते.

६. ‘मोफत’ म्हणजे नेमके काय?

मोफत साधनांचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात.

१) वाचायला मोफत : पडद्यावर पाहता येते, पण उतरवून घेता येत नाही किंवा पुन्हा प्रसिद्ध करता येत नाही. काही ठिकाणी नोंदणी करावी लागते.
२) उतरवून घ्यायला मोफत : महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरील अनेक पुस्तके अशी पीडीएफ स्वरूपात मिळतात. त्यांवरचा हक्क मात्र संबंधितांकडेच राहतो.
३) खुल्या परवान्याची : क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या परवान्याखाली श्रेय देऊन वापर, भाषांतर, बदल करता येतो. काही परवान्यांत व्यापारी वापराला मनाई असते. विकिपीडियातील मजकूर अशा परवान्याखाली आहे.
४) स्वामित्वहक्क संपलेली : भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. मराठी विकिस्रोतावर असे जुने ग्रंथ स्वयंसेवक टंकलिखित करून ठेवतात.

हा भेद केवळ कायद्याचा नाही. उद्या तुम्ही शिक्षक झालात आणि एखादा उतारा भाषांतर करून विद्यार्थ्यांना द्यायचा ठरवला, तर पहिल्या प्रकारातले साहित्य चालणार नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रकारातले चालेल. नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची परवानगीशिवाय फिरणारी पीडीएफ मोफत साधनांत मोडत नाही. मराठीत पुस्तकांच्या आवृत्त्या आधीच लहान असतात. अशा प्रती फिरल्या की लेखक आणि प्रकाशक दोघांच्याही कष्टांवर घाला पडतो.

७. पारख आणि जपणूक

इंटरनेटवरची माहिती पारखताना चार प्रश्न विचारा. हे कोणी लिहिले? कधी लिहिले? मूळ साहित्य पाहून लिहिले की दुसऱ्याचे उतरवले? आणि दोन स्वतंत्र ठिकाणी तेच सापडते का? यात ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. दहा संकेतस्थळांनी एकाच लेखातून वाक्य उचलले असेल, तर तो एकच आधार धरायचा. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही हीच कसोटी लावा. ती अस्खलित उत्तर देतात, पण कधी अस्तित्वात नसलेले पुस्तकही संदर्भ म्हणून सांगतात. पुस्तकाचे नाव ग्रंथालयाच्या तालिकेत सापडले तरच ते खरे माना.

दुसरी गोष्ट म्हणजे संकेतस्थळे कायमची नसतात. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात भारतीय भाषांतील लाखो पुस्तकांची पाने टिपली गेली. पुढे त्याचे मूळ संकेतस्थळ बंद पडले. त्यातली पुष्कळ पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, ती कोणीतरी वेळीच प्रती करून ठेवल्या म्हणून. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे खुद्द इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद होते. म्हणून परवाना असेल तिथे प्रत उतरवून ठेवा, आणि वहीत केवळ दुवा न लिहिता लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष, पृष्ठ आणि पाहिल्याची तारीख लिहा. दुवा मेला तरी नोंद जिवंत राहते.

८. अभ्यास टिकतो कसा?

मोठ्या खुल्या अभ्यासक्रमांत सुरुवात करणारे पुष्कळ आणि शेवटापर्यंत पोचणारे थोडे, हे जगभर दिसले आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वर्गात वेळापत्रक असते, शेजारी मित्र असतो, समोर परीक्षा असते. स्वयंअध्ययनात हे तिन्ही आधार स्वतः उभे करावे लागतात.

वेळापत्रकासाठी आठवड्यातले ठरावीक दोन दिवस, प्रत्येकी एक तास पुरे. रोज चार तासांचा संकल्प सहसा आठवडाभरही टिकत नाही. मित्रासाठी दोघा-तिघांचा गट करा आणि महिन्यातून एकदा एकमेकांना शिकवा. ऐकणारा समोर असला की आपल्याला काय समजले नाही, ते लगेच उघडे पडते. परीक्षेऐवजी लेखन करा. दर तीन महिन्यांनी आपल्या प्रश्नावर दोन पानी टिपण लिहा.

आणि वही ठेवा. भगतसिंगांना तुरुंगात १२ सप्टेंबर १९२९ रोजी ४०४ पानांची वही देण्यात आली होती. त्यांनी तीत रुसो, थॉमस पेन, मार्क्स, रवींद्रनाथ ठाकूर अशा अनेकांच्या ग्रंथांतले उतारे आणि टिपणे उतरवली. ती वही पुढे प्रसिद्ध झाली. कोणतीही पदवी, कोणतेही प्रमाणपत्र त्या वाचनातून मिळणार नव्हते. पडद्यावर ‘सेव्ह’ केलेल्या पाचशे पानांपेक्षा हाताने उतरवलेली पाच पाने अधिक आपली होतात.

शेवटी, घेतले तसे थोडे परत द्या. विकिस्रोतावर एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाचे पान तपासून दुरुस्त करायला थोडाच वेळ लागतो. मराठी विकिपीडियातील एखाद्या वाक्याला खात्रीचा संदर्भ जोडता येतो. मात्र तिथे स्वतःचे नवे संशोधन लिहायचे नसते. प्रकाशित आधार असलेलेच लिहायचे असते. घरात आजोबांची जुनी पोथी किंवा मासिकांचे बांधीव अंक असतील, तर ते रद्दीत जाण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाला दाखवा. डिजिटल संग्रहात दिसणारी प्रत्येक पोथी अशीच कोणाच्या तरी घरात, मठात किंवा संस्थेत कोणीतरी जपलेली असते.

९. सारांश

मोफत साधनांची आज उणीव नाही. उणीव असते ती नेमक्या प्रश्नाची, योग्य क्रमाची आणि नोंद ठेवण्याच्या सवयीची. प्रश्न लिहा, ज्ञानकोशातून आढावा घ्या, मूळ साहित्य पाहा, लिपी आणि कोश जमवा, आधीचे संशोधन चाळा, गरज पडेल तिथे अभ्यासक्रम घ्या. साहित्य कोणत्या अर्थाने मोफत आहे ते तपासा, आधार पारखा, आणि शिकलेले लिहून ठेवा. महाविद्यालयाचे कार्ड परत केल्यावरही हे ग्रंथालय उघडेच राहते. त्यात काय मागायचे, ते मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

१०. स्वाध्याय

१) तुमच्या अभ्यासक्रमात नसलेला, पण तुम्हाला मनापासून पडलेला एक प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याचे सोपा, मध्यम आणि कठीण असे तीन उपप्रश्न करा.
२) गुरु ग्रंथ साहिबातील नामदेवांची पदे रागवार मोजा. तुमचा आकडा ६१ शी जुळतो का? जुळत नसल्यास कारण शोधा.
३) कोणताही एक जुना मराठी शब्द मोल्सवर्थ आणि महाराष्ट्र शब्दकोश या दोन्हींत पाहा. अर्थांतील फरक टिपा.
४) तुम्ही नेहमी वापरता अशी तीन मोफत साधने घ्या आणि विभाग ६ मधील कोणत्या प्रकारात ती मोडतात, ते ठरवा.
५) तुमच्या प्रश्नासाठी वाचायला हवीत अशा दहा पुस्तकांची यादी करा. त्यांपैकी ऑनलाइन मोफत कोणती, ग्रंथालयात कोणती आणि अजून न सापडलेली कोणती, ते लिहा. ती यादी घेऊन या आठवड्यात ग्रंथपालांना भेटा.